उघडणाऱ्या मळसूत्रांची वही

काकांच्या घशातली गाठ काढली तर जीव राहील, पण आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तमिळ मुलखात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आमच्या मराठी घरात रडारड झाली. मी रडले नाही. मला राग आला. आजोबांनी रचलेली सात मराठी आख्यानं काकांच्या घशात होती आणि जगात दुसरीकडे कुठेही नव्हती. आजोबांची हस्तलिखितं वाळवीने खाल्ली होती. काका लहानपणीच देवीने आंधळे झालेले, त्यामुळे स्वतः उतरवून ठेवणं त्यांना शक्यच नव्हतं. मद्रासच्या इस्पितळाने विजयादशमीनंतर लगेच दाखल व्हायला सांगितलं होतं. हातात दोन महिने होते.

मी मुलींच्या शाळेत शिकवायची आणि फाउंटन पेनने लिहायची. पेन चांगलं होतं. वह्या भिकार होत्या. कुंभकोणमच्या बाजारातली कुठलीही वही घ्या, शाई फुटायची आणि पानाच्या मागल्या बाजूला उमटायची. पहिलं आख्यान मी दोनदा उतरवलं आणि दोन्ही वेळा मलाच वाचता येईना. त्यात काकांना आठवायचं तेही उलटसुलट. आज तिसऱ्या आख्यानातलं पद, उद्या पहिल्यातला राहिलेला श्लोक. शिवलेल्या वहीत मधे पान कसं घालणार?

शेवटी मी मोठ्या बाजारामागच्या गल्लीतल्या बाइंडरकडे गेले. तो भांडीवाल्या व्यापाऱ्यांच्या चोपड्या बांधायचा. त्याच्या चोपड्यांचा कागद जाड आणि गुळगुळीत होता. मी तिथेच पेन उघडून ओळ लिहिली. शाई जागची हलली नाही. मला इतका आनंद झाला की त्याच्या कोऱ्या चोपडीचं पान मी नासवलं, हे लक्षातच आलं नाही.

"पानं काढता-घालता आली पाहिजेत," मी तमिळमध्ये सांगितलं.

"म्हणजे वहीला दारं-खिडक्या हव्यात, अम्मा," तो हसून म्हणाला.

दोन पुठ्ठे, त्यांना भोकं आणि भोकांतून पितळेची दोन मळसूत्रं, असं ठरलं. मळसूत्रं करायला त्याने स्वामीमलैच्या आपल्या मेहुण्याला सांगितलं. मेहुणा मूर्ती ओतणारा. देव ओतणाऱ्या माणसाला स्क्रूचं कसलं कौतुक! तीन आठवडे गेले. मी रोज शाळेतून सुटून दुकानात जाऊन भांडायची आणि घरी काकांचा आवाज रोज थोडा खरखरीत व्हायचा.

वही आली तेव्हा मात्र मी हरखून गेले. हवं तिथे पान घाला, मळसूत्र आवळा. आम्ही झपाट्याने सहा आख्यानं संपवली. सातव्यातलं निरोपाचं पद तेवढं राहिलं होतं.

आणि नवमी उजाडली. त्या दिवशी आमच्याकडे वाचायचं नाही, लिहायचं नाही. पुस्तकं, पेनं, सगळं सरस्वतीपुढे मांडून ठेवायचं आणि दशमीच्या सकाळी पुन्हा पूजा करून उचलायचं. आईने माझी वही सगळ्यांत वर ठेवली, तिला हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली. काकांची गाडी दशमीला पहाटे, पूजेच्या आधी होती.

संध्याकाळी काका ओट्यावर बसून आपणहून ते पद म्हणू लागले. माझ्याच्याने राहवलं नाही. आई मागल्या दारी होती. मी फुलं बाजूला सारून वही उचलली, ओट्याच्या कोपऱ्यात बसले आणि कोरी पानं घालायला मळसूत्र फिरवलं. ते करकरलं.

काका थांबले. "लिहितेस कीं काय?"

"नाही," मी म्हणाले. आंधळ्या माणसाशी मी खोटं बोलले. अजून आठवलं की कानशिलं तापतात.

"आजि लिहूं नये, बाळे. ठेव तें. नुसतें ऐक."

मी वही परत ठेवली. त्यांनी पद सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटलं. मी ऐकत होते म्हणू नका; मी ओळी पकडत होते आणि एक पकडली की आधीची सुटत होती. संपल्यावर मी म्हटलं, "काका, पुन्हा एकदा म्हणा." त्यांनी तोंड उघडलं. नुसती हवा आली. मग खोकला आला आणि आईने त्यांना आत नेलं.

दुसऱ्या दिवशी गाडी गेली, पूजा झाली आणि मी लिहायला बसले. निम्मं पद आठवलं. बाकीच्या ओळींपुरती जागा सोडली.

महिन्याभराने काका परत आले. गळ्याला भोक, त्यावर पातळ कापड. मी त्यांच्यासमोर बसून सुटलेल्या ओळी अंदाजाने म्हणू लागले. शब्द चुकला की ते बोटाने जमिनीवर टकटक करायचे. मग दुसरा शब्द, मग तिसरा. कधी एका शब्दाला सबंध संध्याकाळ जायची. असं करत आम्ही शेवटच्या ओळीला आलो आणि तिथे अडलो. चार दिवस नुसती टकटक. पाचव्या दिवशी मी चिडले, ओरडले, "मला नाही येत!" आणि मग लाज वाटून आणखी एकदा ओळ म्हटली.

टकटक झाली नाही.

"काका, बरोबर?"

त्यांनी मान हलवली नाही. चाचपत माझा हात शोधला आणि धरून ठेवला. ओळ जुळली म्हणून धरला, की ते थकले होते आणि मला मोकळं करत होते, मला कळेना. मी ती ओळ वहीत लिहिली. पुन्हा विचारायचा मला धीर झाला नाही.