आईच्या वर्षश्राद्धाला आलेली शिराझ

माझा धाकटा भाऊ नाशिकला वाइन बनवतो. हे वाक्य आमच्या काशीतल्या दूधविनायकाच्या घरात सरळ उच्चारायची सोय नव्हती. बाबा वैदिक. आयुष्यभर मुलांना संहिता शिकवली. त्यांचं पाठांतर पक्कं आणि राग त्याहून पक्का. भाऊ रसायनशास्त्र शिकून नाशिकला नोकरीला लागला तेव्हा आईनं त्यांना सांगितलं, "द्राक्षांच्या कारखान्यात आहे." खोटं नव्हतं ते. बाबांनी बहुधा बेदाणे डोळ्यांसमोर आणले, आणि आम्ही कुणीच ते तिथून हलवले नाहीत.

मी मात्र तिकडे जाऊन आले होते. दिंडोरीच्या बाजूला, धरणावरच्या उतारावर त्यांच्या वाइनरीच्या बागा आहेत. फेब्रुवारीत तोडणी चालू होती. ऊन तापायच्या आत घड तोडून आत आणायचे, म्हणून सगळे अंधार असतानाच कामाला लागलेले. ही शिराझ जातीची, रेड वाइनची द्राक्षं आपल्या खायच्या द्राक्षांसारखी नसतात. बारीक, काळी, जाड सालीची, बियांनी भरलेली. एक तोंडात टाकून मी म्हटलं, "ही बाजारात कोण घेणार?" तो हसला. रंग आणि तुरटपणा सगळा सालीत असतो, रस पांढुरकाच, असं त्यानं मला समजावलं. टाकीत रस आंबू लागला की साली वर येऊन त्यांचा जाड थर बसतो. मग खालचा रस उपसून पुन्हा पुन्हा त्या थरावर सोडायचा, नाहीतर वरचं सगळं बिघडतं. पुढे ती वाइन ओकच्या पिंपांत मुरत पडते. तिथली जमीन मुरमाड, वेलीला पाणी बेतानं द्यायचं, म्हणजे फळात दम येतो. हे सांगताना तो हुबेहूब बाबांसारखा बोलत होता. बाबाही वेदातल्या एखाद्या स्वराबद्दल बोलू लागले की असेच थांबत नाहीत. त्याची नखं जांभळी झाली होती आणि मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

आई गेली तेव्हा मणिकर्णिकेवर अग्नी त्यानंच दिला. त्यानंतर काही महिन्यांनी पुण्याचे एक नातेवाईक काशीयात्रेला आले आणि आमच्याकडे जेवता जेवता म्हणाले, "तुमच्या चिरंजीवांची रेड वाइन आमच्या सोसायटीत फार गाजतेय हं!" बाबांनी अर्ध्या जेवणातच आपोशन घेऊन पान सोडलं. तेव्हापासून फोनवर ते त्याच्याशी बोलले नाहीत. ज्या गावात खुद्द गावाचा कोतवाल मानल्या जाणाऱ्या काळभैरवाला दारूचा नैवेद्य चालतो, त्या गावात आमच्या घरी एका बाटलीवरून बोलणं बंद झालं होतं.

ऑगस्टमध्ये आईचं वर्षश्राद्ध आलं. भाऊ आदल्या दिवशी सकाळी पोचला. बाबांनी त्याचा नमस्कार घेतला आणि म्हणाले, "आलास, बरं केलंस. पण पिंड मी देईन."

एकुलत्या एका मुलानं आईच्या वर्षश्राद्धाला नुसतं बघत बसायचं! त्याचा चेहरा मला बघवला नाही. स्वयंपाकघरात येऊन त्यानं पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली, फिरकीच्या झाकणाची एक बाटली काढली. मी कपाळावर हात मारला.

"ताई, एक बार बघू तर देत त्यांना," तो म्हणाला. "पियायला कोण सांगतंय? माझ्या एकट्याच्या जिम्मेदारीवर झालेली ही पहली शिराझ आहे. अजून लेबलपण नाही लागलं."

"आज नको. श्राद्ध होऊ दे, मग बघू."

उमस भयंकर होती आणि वाइनला उष्णता सोसत नाही, म्हणून त्यानं बाटली माठामागच्या गार कोपऱ्यात ठेवली. बाबांची द्राक्षासवाची बाटलीही तिथंच असते. वैद्यांच्या सांगण्यावरून ते रोज जेवणानंतर चार चमचे घेतात, तेवढंच पाणी घालून. तेवढ्यात मंगला गौरीच्या देवळाजवळ राहणारी आत्या उद्याच्या स्वयंपाकाच्या मदतीला आली. तिनं बाटली पाहून हे काय म्हणून विचारलं, तर हा म्हणतो, "नाशिकच्या द्राक्षांचं आहे." संपलं. तिनं तिच्यापुरता अर्थ लावला, आणि आमच्यासारख्या घरात दुसरा कुठला अर्थ लागणार?

श्राद्धाच्या आदल्या दिवशी एकदाच जेवायचं असतं. दुपारी बाबा जेवून उठले, आत्यानं औषधाची वाटी पुढे केली, त्यांनी ती रिकामी केली.

"या खेपेचं गोड कमी आहे," बाबा म्हणाले. "पण चांगलं आहे. घशाला धरत नाही. कुठल्या वैद्यांचं?"

"भैय्यानं आणलंय ना नाशिकहून," आत्या कौतुकानं म्हणाली. "ती माठाजवळची नवी शीशी."

भावाचा चेहरा क्षणभर उजळला. बाबांनी त्याच्या कुठल्याही गोष्टीला चांगलं म्हटलेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. मग तो पांढरा पडला. गप्प बस म्हणून मी डोळे वटारले. पण त्याला कळलं तरी वळणार थोडंच!

"बाबा, ते आसव नाही. वाइन आहे. मी केलेली."

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वाटी अलगद खाली ठेवली.

"आसवसुद्धा आंबवलेलंच असतं, बाबा," तो पुटपुटला.

"ते औषध म्हणून घेतो. हे तुम्ही कशासाठी करता?"

"लोकांना जेवणाबरोबर आवडतं म्हणून."

बाबांनी उपरणं उचललं आणि ते घाटाकडे स्नानाला निघाले. गंगा चढलेली, खालच्या पायऱ्या पाण्यात, वरच्यांवर गाळ. आम्ही दोघं मागोमाग गेलो. बाबांचा पाय निसरायला लागला तेव्हा भावानं त्यांचा दंड धरला आणि बाबांनी तो धरू दिला. डोकं पुसत ते म्हणाले, "उद्या मला श्राद्धाला बसता येणार नाही. मला प्रायश्चित्त घ्यायला हवं." मग, त्याच्याकडे न बघता, "करणं वेगळं, पिणं वेगळं. केल्याचं प्रायश्चित्त मी तुला सांगेन. तू स्वतः पितोस का?"

बाबांनी त्याच्यासाठी दार किलकिलं केलं होतं. एक 'नाही' म्हटलं की आत. मनातल्या मनात मी त्याला म्हणत होते, म्हण रे, नाही म्हण.

"चव घ्यावीच लागते, ती थुंकून टाकतो," तो म्हणाला. "पण कधी कधी पितो, बाबा. मला आवडते."

बाबांनी उपरणं पिळलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू बस."

दुसऱ्या दिवशी मी बसले. मंत्र सांगायला बाबांचेच एक शिष्य आले होते. मला बसलेली पाहून ते घुटमळले, पण बाबांनी नुसतं बघितल्यावर त्यांनी पोथी उघडली. अपसव्य करायला, म्हणजे जानवं उजव्या खांद्यावर घ्यायला, ते माझ्याकडे कुठून असणार? बाबांनी आपलं उपरणं माझ्या खांद्यावर टाकलं. जे शब्द त्यांनी मला कधी शिकवले नाहीत, ते मी अडखळत म्हणत होते. मनात भक्ती कमी आणि संताप जास्त होता. दोघं बाद झाले म्हणून माझी आठवण झाली! भाऊ दाराबाहेर ओल्या धोतरानं उभा होता. आईचं नाव घेऊन मी पिंड ठेवला तेव्हा त्याचेही ओठ हलले.

ब्राह्मणांची पानं उठली. मग घरच्यांची मांडायची वेळ आली. बाबांचा उपास होता, ते आतल्या खोलीत जपाला बसले. बाबांना विचारल्याशिवाय भावाचं पान मांडावं की नाही, हे आत्याला कळेना, आणि जपातून त्यांना उठवायला ती धजेना. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी अजून रागातच होते, बाबांवर, त्याच्या त्या एका वाक्यावर, सगळ्यांवरच. मी म्हटलं, "त्याला भूक लागली तर तो मागेल."

त्यानं मागितलं नाही. बॅग उचलून तो आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी वाकला, मला "येतो ताई" म्हणाला आणि स्टेशनकडे निघून गेला. तो गल्लीच्या वळणापलीकडे गेल्यावर मी स्वयंपाकघरात आले. खिरीचं पातेलं निम्मं भरलेलं होतं. आईनं त्याला या घरातून एकदाही उपाशी बाहेर पडू दिलं नव्हतं, आणि आम्ही तिला जेवू घालायच्या दिवशीच तो तसा गेला.