दुसरी पुरणपोळी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा हा विषय मी बाजूला सारते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या नात्यातले नाही. आणि या वयात स्वतःशी गोड गोड बोलण्याचाही कंटाळा येतो.

कुमुद माझी धाकटी नणंद. सासू-सासरे गेले तशी ती नागपूरहून आमच्याकडे भिलाईला आली. हे स्टील प्लांटमध्ये, मी शाळेत शिक्षिका, नेहरू नगरात घर, दोन लहान मुलं. लोक म्हणायचे, नणंदेला किती सांभाळते ही! कोण कोणाला सांभाळत होतं? माझा डबा, मुलांचा अभ्यास, दुखणी-खुपणी, सगळं कुमुदच्या अंगावर. मी शाळेतून आले की चहाचा कप हातात. मला त्याची सवय झाली होती. सवय कसली — चटक.

कुमुद फार जाड होती. तिशी उलटली, स्थळं यायची, बघून जायची, पुन्हा पत्र येत नसे. पथ्यं झाली, चालणं झालं, उपास झाले. शेवटी मुंबईला ऑपरेशन करायचं ठरलं. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशातच होतं, आणि इकडे असलं काही कोणी ऐकलंही नव्हतं. यांना रजा मिळेना, म्हणून सोबत मी गेले.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून मला समजावलं. जठर कापायचं नाही, काढायचं काही नाही. फक्त त्याच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनचा पट्टा बसवायचा — पिशवीला नाडी आवळतो तसा. पट्ट्याच्या वर उरते ती जागा अर्ध्या लिंबाएवढी. ती भरली की भूक भागल्यासारखी वाटते, आणि अन्न अरुंद वाटेने हळूहळू खाली उतरतं. पट्ट्याला आतून फुगा असतो. कातडीखाली एक चकती बसवतात. तिच्यातून सुईने मिठाचं पाणी भरलं की पट्टा घट्ट होतो, काढलं की सैल. पुढचं त्यांनी दोनदा सांगितलं. बारीक चावून, सावकाश खायचं, आणि भरलं वाटलं की थांबायचं. वर एक घास जरी गेला तरी तो अडकेल, उलटून येईल. पोळी, भात फार जपून. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. म्हणजे मला माहीत होतं — एवढं ध्यानात ठेवा.

शेजारी आम्ही पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. वर्ष-दीड वर्षात कुमुद चांगलीच उतरली. आरशासमोर थांबू लागली. पूर्वी थांबत नसे.

मग गोंदियाचं स्थळ आलं. मुलगा रेल्वेत, वयानं जुळणारा, स्वभावानं शांत. पत्रिका जुळली होती. मुलगा आणि त्याची आई सकाळच्या गाडीने आली, जेवूनच जाणार होती. ऑपरेशनचं लग्न ठरल्यावर सांगू, असं यांनी ठरवलं होतं. मुलगा कुमुदशी बोलला, ती हसली. तिचं ते हसणं मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं, आणि माझ्या मनात काय आलं? आनंद? मनात आलं — उद्यापासून माझा डबा कोण करेल?

पानं मांडली. कुमुदने एक पुरणपोळी सावकाश, तुकडे मोडत संपवली आणि हात आवरता घेतला. आपल्याकडे आग्रह कसा करतात, तुम्हाला माहीतच आहे. पानावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून वाढतात. मी तुपाची वाटी नि दुसरी पोळी घेऊन तिच्यासमोर वाकले.

"वहिनी, मले पुरे झालं," ती हळूच म्हणाली. माझ्याकडे पाहिलं. विनवून पाहिलं.

"घे वो! पाहुण्यांसमोर लाजून राहिली का?" मी मोठ्याने म्हटलं, आणि पोळी वाढली.

मुलाची आई कौतुकाने हसली. आता कुमुद काय करणार? पानात टाकायचं तर अन्नाचा माज दिसतो. कारण सांगायचं तर ऑपरेशन सांगावं लागतं. तिने खाल्लं. चौथ्या घासाला चेहरा पांढरा पडला, हात छातीवर गेला, आणि ती उठून पळाली. मोरीतला आवाज सगळ्यांनी ऐकला. एकदा नाही, तीनदा.

लग्न न झालेली बाई भरल्या पानावरून उठून ओकते — त्या आईने काय समजावं? तिची नजर आधी मोरीकडे, मग ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे आली. बाईच बाईला विचारते, तसं तिने मला विचारलं, "असं नेहमी होते का हिले?"

एक वाक्य पुरे होतं. पोटाला पट्टा बसवलाय, एवढंच. हे तर पानात बोटं फिरवत बसले होते. मी मान खाली घातली आणि म्हटलं, "काय सांगू, बाई."

पोळी घाईत वाढली असेल, असं तुम्ही मनात आणाल. पण हे तीन शब्द? हे मी विचार करून बोलले.

पत्रिका जुळत नाही, असं पत्र आलं. मग दुर्गपासून नागपूरपर्यंत नात्यागोत्यात काय कुजबुज गेली, ते कोणी आमच्या तोंडावर बोललं नाही. स्थळं यायची मात्र बंद झाली. हे माझ्यावर चिडले, तेव्हा कुमुदच मध्ये पडली. "वहिनीले कायले बोलतोस, दादा? मीच मांगितली दुसरी पोळी."

मी तिथेच उभी होते.

पुढे कितीतरी महिन्यांनी, भाजी निवडताना, तिने मान वर न करता विचारलं, "वहिनी, तुमाले तं मालूम होतं ना?"

"ध्यानातून गेलं वो," मी म्हटलं.

तिने पुढची जुडी निवडायला घेतली. लग्न झालं नाही. माझी मुलं तिने वाढवली, माझी आजारपणं काढली. आज सकाळीही माझं ताट तिनेच वाढलं. आणि मी जेवले.