एकट्यानं गायलेलं युगलगीत

आयुष्यात मी एकच गाणं लिहिलं, त्याला स्वतःच चाल लावली, स्वतःच गायलं, आणि ते ऐकून माझे सासरे काठी शोधायला उठले.

सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. मी मिरजगावात प्राथमिक शाळेवर मास्तर होतो. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. बायको कुसुम, माहेर तिसगावचं. दिवाळीनंतर ती माहेराहून दुपारच्या गाडीनं परत यायची होती आणि तिला उतरवून घ्यायला मी स्टँडवर जायचं ठरलं होतं. मी निघालोही होतो. फक्त पायात चपला घालताना वाटलं, पेटीचा (हार्मोनियमला आम्ही पेटीच म्हणतो) एक सूर जरा खाली लागतोय का, बघावं. म्हणून मिनिटभर टेकलो. उठलो तेव्हा तीन तास झाले होते.

कुसुम ते तीन तास स्टँडवर ट्रंकेवर बसून होती. शेजारी बाजरीचं पोतं आणि लोणच्याची बरणी. आणि खरी मेख पुढेच आहे. आमची खोली स्टँडपासून हाकेच्या अंतरावर! माझ्या पेटीचे सूर तिला तिथं बसल्याबसल्या स्वच्छ ऐकू येत होते. हा माणूस कधी थांबतो ते बघायचंच, असं ठरवून ती बसली होती. मी थांबलो नाही. मग नगरकडे जाणारी गाडी लागली, आणि ट्रंक, पोतं, बरणी घेऊन ती परत माहेरी गेली. जाताना चहावाल्याकडे निरोप ठेवला : "गुरुजींना म्हणावं, पेटीसंगं संसार करा."

दोन महिने झाले. मी तीन पत्रं टाकली, उत्तर नाही. एकदा तिसगावला जाऊन आलो. सासऱ्यांनी (त्यांना मी मामा म्हणत असे) चहा पाजला, पीकपाण्याचं विचारलं आणि गाडीची वेळ सांगितली. कुसुम स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मला घरात बसवेना, शाळेत उभं राहवेना. नगरकडून गाडी आली की माझे पाय स्टँडकडे वळत. वर्गाला सत्ताविसाचा पाढा घालून मी निघायचो; आमच्या शाळेची पोरं त्या वर्षी पाढ्यात तालुक्याला ऐकणार नाहीत अशी तयार झाली. मला तिची फार आठवण येत होती आणि फार लाज वाटत होती. त्यातून ते गाणं झालं. तीनच कडवी, पण माझी चूक, माझं घर आणि माझं स्टँड, सगळं त्यात आलं.

गाणं झालं, पण तिच्या कानापर्यंत न्यायचं कसं? इथं नाना आला. नाना म्हणजे आमच्या गावचा लाउडस्पीकरवाला. दोन कर्णे, एक मशीन आणि नुकताच मुंबईहून आणलेला रिळांचा टेपरेकॉर्डर, एवढ्यावर त्याचा रुबाब तहसीलदारापेक्षा जास्त होता.

"गुरुजी, येत्या आइतवारी मला तिसगावची सुपारी हाय," तो म्हणाला. "वैनींच्या आळीतच लगीन हाय. तुमी गानं टेप करा, मी तितं लावतो. समद्या आळीनं ऐकलं म्हंजी वैनी ऐकल्याबिगर ऱ्हात्यात व्हय?"

मला ही युक्ती इतकी आवडली की तिच्यातला धोका दिसलाच नाही.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही वर्गाच्या खिडक्या सतरंज्यांनी बंद केल्या, बाकावर पेटी मांडली, नानानं बटण दाबलं आणि वीज गेली. संध्याकाळपर्यंत येण्याची आशा नव्हती. पण टेपरेकॉर्डर सेलवरही चालायचा. सहा सेल लागत. दुकानात सेल नव्हते. मग आम्ही तेव्हा सगळेच करायचे ते केलं. सेल संपला म्हणून फेकून द्यायची पद्धत आमच्याकडे नव्हती. तो पत्र्यावर उन्हात तापवायचा आणि बॅटरीत (म्हणजे टॉर्चमध्ये) घालून आणखी आठवडाभर वापरायचा. हेडमास्तरांच्या पत्र्यावर असे सहा सेल वाळत होते. ते आणले. चाकं फिरायला लागली.

मी जीव ओतून गायलो. घामानं सदरा भिजला. दुसऱ्या कडव्याला नाना म्हणाला, चाकं जरा दमल्यागत वाटत्यात. मी हातानंच त्याला गप्प केलं. शेवटी रीळ उलटं फिरवून तुकड्यातुकड्यानं थोडं ऐकलंही. त्याच दमलेल्या सेलांवर ऐकलं. सुरुवातीला आवाज फार जड, संथ येत होता. मला वाटलं, दुःखानं आवाज असा होत असावा.

रविवारी नानाबरोबर मीही तिसगावला गेलो. मी जायचं नाही असं ठरलं होतं, पण घरी बसणं माझ्याच्यानं होईना. मशीनच्या खोक्यांमागे गोणपाट अंथरून लपलो. सकाळची हळद चालली होती. मांडवात कुसुम होती. हाताला हळद, पदर खोचलेला. दोन महिन्यांनी दिसत होती. माझ्या छातीत इतकं धडधडत होतं की नाना म्हणाला, "गुरुजी, हलू नगा, खोकी वाजत्यात."

तिसगावात वीज होती. नानानं टेपची वायर जोडली, माइक पुढं ठेवला आणि कर्ण्यातून माझा आवाज आळीभर पसरला :

"चुकलो गं कुसुम, मी चुकलो..."

कुसुमचा हात नवऱ्या मुलीच्या गालावर तसाच राहिला. बायका एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. ती खाली बघत होती, पण ऐकत होती, मला दिसत होतं. पहिलं कडवं संपलं. नानानं माझ्याकडे बघून मान डोलावली. मी मनातल्या मनात ट्रंक उचलायला सुरुवात केली.

दुसऱ्या कडव्यापासून आवाज बारीक व्हायला लागला. दोन ओळींत तो बाईचा झाला. चांगला गोड, तिशीतल्या बाईचा :

"चूल रुसली, दूध उतलं, मीठ सापडेना..."

"ही कोन गं बया?" हळदीच्या परातीशी बसलेली एक आजीबाई म्हणाली.

"ह्यांच्या घरातलीच दिसतीया," दुसरी म्हणाली. "मीठ हुडकती म्हंजी सयंपाक करत आसंल."

मी खोक्यामागून नानाचा सदरा ओढत होतो. "बंद कर, बंद कर!" पण नाना तोंड उघडं टाकून कर्ण्याकडे बघत होता. तेवढ्यात तिसरं कडवं लागलं. आवाज आणखी बारीक झाला आणि एक लहान पोर, जवळजवळ रडतच, गायला लागलं :

"येते गाडी, जाते गाडी, कुणी उतरेना,
रागावलेलं माणूस माझं घरा परतेना..."

आता हिशोब सरळ होता. आधी नवरा सगळ्या आळीसमोर 'चुकलो' म्हणतो. मग ज्या बाईच्या बाबतीत चुकला ती बाई गाते. मग पोर. मामा मांडवाच्या दारात उभे होते. त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं.

"लगीन हून दीड वरीस झालं," ते म्हणाले. "आन् पोरगं तर सा वर्साचं वाटतंय."

मग ते काठी शोधायला वळले आणि मी खोक्यामागून उठलो. तिथं माझी उपस्थिती हाही पुरावाच ठरला.

"मामा, तो माझाच आवाज आहे. तिन्ही माझेच आहेत."

"बाईचा बी?"

"बाईचाही."

"आन् पोराचा?"

मी सिद्ध करायला तिथंच दुसरं कडवं म्हणून दाखवलं. आजीबाई म्हणाली, "ह्यो तर ह्येंचाच आवाज झाला. ती बाई चांगली गात हुती." मग मी आवाज बारीक करून पाहिला. मांडवातलं एक तान्हं मूल उठलं. कुसुम माझ्याकडे बघत होती. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती, आणि त्याचीच मला भीती वाटली. हा गैरसमज घेऊन मी आज परत गेलो तर ती कधीच येणार नव्हती.

नानाच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. "मामा, मला बोलू द्या. टेप करताना सेल दमत गेलं, चाकं हळू फिरली. हितं लाइटीवर ती जोरात पळत्यात, म्हनून आवाज बारीक व्हतो. दमल्यालं सेल घाला, गुरुजींचा आवाज येतो का न्हाई बघा."

"मग घाल की."

पण नाना लग्नाला म्हणून नवे कोरे सेल घेऊन आला होता. पाहुण्यांच्या बॅटऱ्या तपासल्या, तर लग्नाच्या गावाला जायचं म्हणून प्रत्येकानं नवेच सेल घातलेले. माणसं सेल चांगले असल्याबद्दल माफी मागत होती. मी इकडून तिकडे फेऱ्या मारत एकेकाच्या बॅटरीचं बूड उघडत होतो.

"आबा," कुसुम वडिलांकडे वळून पहिल्यांदाच बोलली, "आपल्या पत्र्यावर सा सेल वाळत्यात."

आणि कुणी सांगायच्या आत तीच उठली आणि हळदीच्या हातांनी शिडी चढून ते घेऊन आली. मला तेव्हाच तिचे पाय धरावेसे वाटले. पुरावा तिलाही हवा होता.

सेल घातले. चाकं कण्हत फिरायला लागली. पहिलं कडवं लागलं, आणि कर्ण्यातून ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचा जाड, घोगरा आवाज आला : "चुऽऽकलोऽऽ गंऽऽ..."

"आता आजा बी निगाला," आजीबाई म्हणाली.

मामांनी एव्हाना सापडलेली काठी घट्ट धरली. दुसऱ्या कडव्याला म्हातारा पन्नाशीत आला. आणि तिसऱ्या कडव्याला, देवाची कृपा, मी आलो. माझाच आवाज, मी शाळेच्या वर्गात घाम गाळून गायलो तसाच, गाडी येते, जाते आणि कुणी उतरत नाही हे सांगणारा. कुसुमनं सगळं ऐकून घेतलं.

"तुमी खरंच स्टँडवर जाता व्हय?" तिनं विचारलं.

"नगरकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीला."

"आन् शाळा?"

"पोरं पाढे म्हणतात."

तिनं पदरानं डोळे पुसले, त्यामुळे हळद डोळ्यांत गेली आणि मग ती खरोखरच रडली. आजीबाईनं तिला पाणी दिलं. "लगीन लागू द्या," कुसुम मला म्हणाली. "दुपारच्या गाडीनं जाऊ. पन ट्रंक तुमी उचलायची."

मी ट्रंक उचलली, पोतं उचललं, बरणीही उचलली.

ते गाणं मात्र, तिन्ही आवाजांसकट, त्या लग्नसराईत फार गाजलं. नानाला तिसगावपासून जामखेडपर्यंत फर्माइशी यायच्या. पुढे आमच्या थोरल्याच्या बारशाला त्यानं हौसेनं कर्णा बांधला. निदान माझ्या घरी तरी गाणं माझ्या आवाजात वाजावं म्हणून मी महिनाभर खपून सहा सेल नेमके टेप करतानाच्या सेलांएवढे दमवून खिशात ठेवले होते. ते मी नानाच्या हातावर ठेवले. पाळण्याची दोरी हलवता हलवता कुसुमनं ते पाहिलं.

"नानाभावजी, सेल नगा घालू," ती म्हणाली. "लाइटीवरच लावा. ती बाई लई ग्वाड गाती."