दुपारची शुभ सकाळ

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. त्यामुळे बीडच्या कॉलेजात सरांनी प्रकल्पासाठी माझं नाव घेतलं, तेव्हा मी इतकी हरखले की काम काय आहे हे विचारायचंच राहून गेलं.

काम होतं मोबाइलवरच्या गावांच्या ग्रुपांचं. लोकांच्या परवानगीनं त्यांचे निरोप वाचायचे आणि कप्प्यांत लावायचे. सुरुवात निवडणुकीपासून झाली. उमापूरकडच्या आमच्या गावाचा ग्रुपही त्यात होता. प्रचार, अफवा, तक्रारी आणि टोमणे असे चार कप्पे. हात जोडलेल्या उमेदवाराचा फोटो पडला की खाली लगेच कुणीतरी विचारायचं, "इतके दिवस कुठं गेलता बे?" हसत हसत मी ते टोमण्यांत टाकायची.

पाचवा कप्पा माझ्या डोक्यातून आला. त्याचं नाव कचरा. रोज सकाळी ग्रुपवर गुलाबांचा नुसता पूर यायचा, प्रत्येक गुलाबावर 'शुभ सकाळ'. माझे वडील, आबा, मेंढरं राखतात, त्यांना लिहिता येत नाही. पण त्यांचंही एक पिवळं फूल रोज असायचंच. मी संगणकाला सांगून ठेवलं, फूल दिसलं की थेट कचऱ्यात. सरांनी शाबासकी दिली.

पुढच्या पावसाळ्यात गावाच्या ओढ्याला पूर आला. सर म्हणाले, "आता तेच काम, पण घाईनं. कोण अडकलंय ते शोधा, तहसिलीत कळवू." मी कॉलेजच्या संगणकापुढं बसले, तोच आमच्या ग्रुपवर निरोप आला: 'पलीकडच्या माळावरची मेंढरं वाहून गेली.' त्या माळावर आबा होते. त्यांचा फोन लागेना. चारही कप्पे पुन्हापुन्हा उपसले, आबांचा एकही निरोप नव्हता. शेवटी मायला फोन लावला.

"कावून रडायली?"

"आबांचा काहीच पत्ता न्हाई गं."

"अगं, त्यांचं फूल आलंय की!"

"ते सकाळचं असंल."

"सकाळचंबी आलं, अन् आत्ता दुपारी एकलाबी आलं. दुपारी कोण शुभ सकाळ म्हणतंय? लई शिकलीस अन् बापाचं फूल वळखू येईना!"

मग तिनं समजावलं. ऊसतोडीला गेलेल्या माणसांनी ही रीत पाडलेली. लिहिता येत नाही, फोन लागत नाही. सकाळी फूल टाकलं की गावाकडं समजायचं, आमी सुखरूप हाय. हळूहळू ती साऱ्या गावाची झाली. फक्त मला ठाऊक नव्हती, कारण मी शिकायला बाहेर होते.

मी कचरा उघडला. सगळ्यात वर आबांचं पिवळं फूल होतं, एक वाजून दहा मिनिटांचं. खाली माळावरच्या बाकीच्यांची दुपारची शुभ सकाळ. डोळे पुसले आणि उलटा शोध घेतला: रोज फूल टाकणाऱ्यांपैकी आज कुणाचं आलं नाही? एकच घर निघालं. सरांनी ते नाव तहसिलीत कळवलं. संध्याकाळच्या आत निरोप आला: ते म्हातारं जोडपं शाळेच्या गच्चीवर होतं, आता होडीतून अलीकडं आलंय. मोबाइल भिजलेला, पण म्हातारीनं कोंबडी काही सोडली नव्हती.

पाणी उतरल्यावर आबा घरी आले, सगळी मेंढरं घेऊन; वाहून गेल्याचा निरोप अफवाच निघाला. मी विचारलं, "आबा, बोलून का न्हाई पाठवलं?"

"बोललो की! पर मेंढरं एवढी वरडत हुती, मलाच माझं ऐकू येईना. मग टाकलं फूल."

सरांनी कचरा हा कप्पा खोडून तिथं 'खुशाली' लिहिलं. ती चूक आणि ती दुरुस्ती अशी दोन्ही मी अहवालात मांडली. आता वसतिगृहातून मीही रोज गुलाब टाकते. परवा परीक्षेच्या गडबडीत राहून गेलं, तर नऊ वाजता आबांचा फोन:

"फूल कुठाय तुझं?"