दहा कड्यांचं माप

सकाळचे साडेसात. एका शेगडीवर चहा, दुसरीवर भाजी, "माझा दुसरा मोजा कुठाय?" असा मुलीचा धोशा, आणि तेवढ्यात दारावर टकटक. घंटा असताना टकटक करणारा आमच्या इमारतीत एकच माणूस, तळमजल्यावरचे मिस्त्रीकाका. घंटेवर त्यांचा विश्वास नाही. ती त्यांनीच बसवलीय.

काका बोटींची यंत्रं दुरुस्त करतात, चाळीस वर्षं झाली. बिघाड कानानं ओळखतात. आमच्या मिक्सरची घरघर खालून ऐकून "वहिनी, रबर गेलंय त्याचं!" असं जिन्यातून ओरडतात. काकू म्हणतात, "यंत्रांचं सगळं ऐकू येतं यांना. माझं तेवढं येत नाही."

आज मात्र दारात उभे होते ते दाढीचे खुंट वाढलेले, हातात साखळीचे दोन तुकडे. खुर्चीच्या कडेवर टेकले. चहाला हात लावला नाही.

"वहिनी, त्या खलाशाचं आठवतं?"

आठवत होतं. दोन महिन्यांपूर्वी एका प्रवासी बोटीचा नांगर नीट सुटेना. नांगराची साखळी विंचच्या, म्हणजे नांगर वर-खाली करणाऱ्या यंत्राच्या, खाचाखाचांच्या चाकावरून खाली उतरते. ती धक्के खात जायची आणि मध्येच अडायची. काकांनी ब्रेक खोलला, मोटरच्या वायरी तपासल्या, ग्रीस भरलं. तरी तेच. शेवटी मालकाला म्हणाले, "यंत्र ठणठणीत आहे. तुमचा खलाशी साखळी पेटीत कशीही कोंबतो, मग गुंता होतो." अकरा वर्षं त्या बोटीवर असलेल्या खलाशाला मालकानं त्याच दिवशी घरी बसवलं. काका जिन्यात त्याच्या कोंबाकोंबीची नक्कल करत होते, तेव्हा मीही पोट धरून हसले होते.

"काल पुन्हा अडली," काका म्हणाले. "आता माणूस नवा. म्हटलं, स्वतःच बघू. सगळी साखळी पेटीतून काढून डेकवर सरळ पसरली. गुंता नाही, काही नाही. तरी चाकावर उड्या मारतेच."

त्यांनी दोन्ही तुकडे टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले. "ही जुनी, ही नवी. दहा-दहा कड्या. बघा."

जाडी सारखीच. पण नवा तुकडा बोटभर लांब.

"कडी लांबट, खाचेत बसतच नाही. त्या बिघाडाच्या थोडं आधीच ही नवी साखळी मी आणून बसवलेली. जाडी मोजली आणि दहा कड्यांची लांबी मोजायची राहिली. दुसऱ्यांना शिकवतो मी हे!"

"होते हो काका चूक एखाद्याची."

"ती चूक झाली, कबूल. पण चाक फिरताना टक्-टक् ऐकू येत होतं, वहिनी. तेव्हाच शंका आली होती. साखळी माझी होती ना, म्हणून त्या गरिबाचं नाव पुढे केलं."

मुलगी एकाच मोज्यात दाराशी येऊन उभी राहिली होती. तिला खुणेनं आत पाठवलं. माझीही मान वर होईना.

"मालकाला सांगितलंत?"

"काल संध्याकाळीच. साखळी बदलून देतोय. ते त्याला परत घ्यायला तयार आहेत. पण तोच येईना. बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलतोय सध्या. निरोप धाडला, तर म्हणाला, ज्यानं नाव घेतलं त्यानं घरी येऊन सांगावं, माझ्या बायकोमुलांसमोर. मग येतो."

"बरोबरच आहे त्याचं. जा ना मग."

"गेलो होतो की. सकाळी सहाला, त्याच्या दारापर्यंत. आतून त्याच्या बायकोचा आवाज आला आणि पाय मागे फिरले. या वयात!"

मी दोन्ही शेगड्या बंद केल्या. काका जमिनीकडे बघत म्हणाले,

"तुम्ही चला माझ्याबरोबर. बोलायचं ते मीच बोलेन. फक्त मी मागे फिरलो, तर वाट अडवा."