खाडीतलं इंजिन घाटात

जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवून लांबच्या प्रवासाला निघावं का, असा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. जावं, पण बरोबर तांदळाचं पीठ न्यावं. का, ते पुढे येईल.

आम्ही खारबावचे. माझं शिक्षण सातवीपर्यंत, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या. सगळी उमर रेतीच्या होडीवर इंजिन सांभाळण्यात गेली. होडीचं काम बंद झालं तेव्हा लाकूड विकलं, पण इंजिन विकवेना. ते गोठ्यात गोणपाटाखाली ठेवलं होतं. दारात आमची जुनी स्टेशन वॅगन होती. लांबलचक, उंच, चारी चाकं ओढणारी, मागे समोरासमोर बाकडी असलेली. गेल्या उन्हाळ्यात तिचं इंजिन जाम झालं आणि ती चिंचेखाली कोंबड्यांची झाली.

गाडी बंद पडली तशी माझी बायको हिराही बंद पडली. तिचे गुडघे गेलेले. आमच्या मुलाने, प्रशांतने, नवी गाडी घेतली, पण ती इतकी बुटकी की हिरा म्हणते, "त्यात बसायचं म्हंजे हिरीत उतरायचं. उतरीन मी, पन मना वर कोन काढणार?" वॅगनमध्ये ती लाकडी पाट ठेवून चढायची आणि राणीसारखी ताठ बसायची. वॅगन बंद झाल्यापासून लग्नाचं आमंत्रण आलं की "तुमी जाऊन या" एवढंच बोलायची. एकवीरा आईच्या डोंगराकडे तर किती दिवस गेली नव्हती.

एक दिवस प्रशांत म्हणाला, "बाबा, भंगारवाल्याला बोलावलंय. ती गाडी देऊन टाकू."

मी घाबरत घाबरत म्हटलं, "गोठ्यातलं इंजिन मुळात जीपचंच आहे. परत जीपला बसेल."

"होडीचं इंजिन गाडीत? मग हॉर्नऐवजी भोंगा लावा, पुढे नांगर बांधा!"

तरी हिराने डोळे वटारल्यावर तो थोडा नरमला. अट मात्र घातली. इंजिन बसवा, एकवीरेला जाऊन या. गाडी स्वतःच्या चाकांवर गेली आणि स्वतःच्या चाकांवर आली, तर राहील. टोचन लावून, म्हणजे दुसऱ्या गाडीने ओढत आली, तर घरी न आणता थेट भंगारात. मी हो म्हटलं आणि त्या दिवसापासून जेवण कमी झालं.

धामणकर नाक्याजवळ

वॅगन आणि इंजिन टेम्पोवर चढवून भिवंडीला नेलं. धामणकर नाक्याच्या आतल्या गल्लीत यासीनभाईंचं गॅरेज आहे. दोन्ही बाजूंना लूमचे कारखाने. तिथे बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि इंजिनाचा आवाज ऐकायचा तर लाइट जायची वाट बघावी लागते. लूम थांबले की यासीनभाई धावत येऊन इंजिन चालू करायचे, कान लावायचे आणि लाइट यायच्या आत स्क्रू फिरवून मोकळे व्हायचे. कोणाला तिकडे काम करायचं असेल तर डबा घेऊन जा, वेळ लागतो. कोपऱ्यावरच्या हॉटेलातला पाव-खिमा मात्र स्वस्त आणि झणझणीत आहे.

बसवायचं काम तसं सोपं निघालं. गिअरबॉक्सची भोकं जुळली. एका बाजूचा पाया जुळेना, तो लोखंडी पट्टी कापून नवा केला. खरी अडचण पाण्याची होती. होडीत इंजिनाला पंखा नसतो, रेडिएटर नसतो. खाडीचं पाणी एका नळीने आत येतं, दुसरीने बाहेर जातं. गाडीत पंखा हवा, पाण्याचा पंप हवा आणि दोन्हीला फिरवणारा पट्टा हवा. असला पट्टा मी जन्मात सांभाळला नव्हता, म्हणून माझी भीती तिथेच जाऊन बसली.

"यासीनभाई, पट्टा तुटला तर?"

"नहीं टूटेगा चाचा."

"सैल पडला तर?"

"नहीं पड़ेगा. बस तेल मत लगने देना, फिसलेगा."

"आणि घाट चढेल ना?"

"अरे चाचा, ये इंजन तैरना जानता है. चढ़ना भी सीख जाएगा. आप पहले पानी पियो, आपका ही इंजन गरम हो रहा है!"

(इंजिन बदललं की आरटीओत कागदावर नवा नंबर चढवून घ्यावा लागतो. ते आधी करा. आम्ही केलं, म्हणून ती एक काळजी कमी झाली. बाकीच्या होत्याच.)

हळद

गाडी घरी आली. मी रोज सकाळी खाली झोपून तेल गळतंय का बघायचो. पट्ट्यावर एक थेंब पडू दिला नाही.

मग प्रश्न उठला पूजेचा. नवी गाडी असो की नवी होडी, आमच्यात आधी आईच्या पायाशी नेतात. पण ही नवी की जुनी? गाडीची पूजा पूर्वी झालेली, इंजिनाची होडीत असताना झालेली. आमच्या गल्लीतल्या यमुनाबाईंनी निकाल दिला. त्या धवलारीण, म्हणजे आमच्या आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन विधी करणाऱ्या. त्यांच्याशिवाय मांडव उभा राहत नाही.

"दोघांची पह्यली लग्नं मोडली," त्या म्हणाल्या, "आता यांचं एकमेकांशी लागतंय. हळद नको?"

सगळ्या बाया हसल्या, हिरासुद्धा, किती दिवसांनी! निघायच्या आदल्या संध्याकाळी बॉनेट उघडून वॅगनची हळद झाली. हिराने ताटात हळद कालवली. यमुनाबाईंनी तिथल्या तिथे धवला रचला:

"नवरा आयला खाडीशी गो, चिंचंखाली नवरी,
नवऱ्याला न्हाय पोहायला पानी, नवरी न्हाय बावरी."

इंजिनाला हळद लागली, बॉनेटला आतून हाताचे पंजे उमटले. तांदळाचे वडे झाले, प्रशांतनेही खाल्ले. अट मात्र तशीच ठेवली.

निघालो

पहाटे मी, हिरा आणि यमुनाबाई. यमुनाबाईंना कोणी बोलावलं नव्हतं, पण लग्न लावणारी वरातीत नको का, असं म्हणून त्या मागच्या बाकड्यावर बसल्या. बरोबर पाण्याचे दोन कॅन, दोरखंड, नट-बोल्टचे पाने, जुना टायर, हिराच्या गुडघ्यांच्या गोळ्या, आणि डोंगराच्या पायथ्याशी चूल मांडून भाकऱ्या करायच्या म्हणून तांदळाचं पीठ, तवा, भांडी घासायचा साबण. हिराने पाट ठेवला, चढली आणि पाट आत ओढून घेतला. प्रशांत दारात उभा होता. "फोन चालू ठेवा," म्हणाला. "टोचनवाल्याचा नंबर पाठवू का?"

वाट सांगतो. अंजूरफाट्यावरून माणकोली, तिथून खाडीवरच्या पुलाने डोंबिवली, मग शीळफाटा, पनवेल. पुढे जुना रस्ता धरून खोपोली. पनवेलपर्यंत लवकर पोचलात तर बरं, नाहीतर शीळफाट्याला म्हातारे व्हाल. मी आधीच झालेलो. खाडीच्या पुलावर इंजिनाचा आवाज बदलल्यासारखा वाटला. हिरा म्हणाली, "पानी बघून खूश झालं असंल." मी गाडी हळू केली. मागून ट्रकने हॉर्न मारला, तेव्हा लक्षात आलं की आवाज त्याचाच होता.

पनवेलच्या पुढे मिसळ खाल्ली. बरी होती, तर्री जास्त. मी खाल्लीच नाही म्हणा, बॉनेट उघडून बसलो होतो. तेल गळत नव्हतं. हळद तेवढी उन्हाने सैल होऊन चकाकत होती. छान दिसत होती.

घाट

खोपोली सोडून शिंगरोबाच्या देवळाकडे चढायला लागलो आणि कुठूनतरी आवाज आला. चींऽऽ चींऽऽ. पहिल्या वळणाला थोडा, दुसऱ्याला मोठा. यमुनाबाई म्हणाल्या, "माकडं हायेत." माकडं होतीच, पण आवाज त्यांचा नव्हता. तापमानाचा काटा लाल खुणेवर गेला, बॉनेटमधून वाफ आली. गाडी कडेला घेऊन चाकांमागे दगड लावले. घाईत पहिला दगड माझ्याच पायावर पडला.

तेवढ्यात टोचनची गाडी हजर. घाटात ती माणसं कुठे दबा धरून बसतात देव जाणे. ड्रायव्हर उतरला आणि वाफेकडे बघून म्हणाला, "आजोबा, गेली गाडी. टोचन लावू?"

खरं सांगतो, माझ्या तोंडात "लाव" आलं होतं. समोर दरी, मागे ट्रक. पण हिरा आतून म्हणाली, "हात लावू नको रे बाबा गाडीला. ही इथून टोचनशी गेली तर मी परत घरच्या बाहेर पडायची न्हाय म्हनून समज."

ती हे रागाने म्हणाली नाही. पाट मांडीवर घेऊन बसली होती आणि समोर बघत होती. मी टोचनवाल्याला हातानेच नको म्हटलं.

इंजिन थंड होईपर्यंत थांबलो. (गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, कितीही घाबरलात तरी.) पाणी बऱ्यापैकी उडालं होतं, पण नळी कुठे फुटली नव्हती. पंखा धड, पंप धड. मग पट्ट्याला हात लावला, तर बोटं पिवळी आणि बुळबुळीत!

मी वळून बघितलं. "यमुनाबाई, पट्ट्याला हळद कोणी लावली?"

"मी. नवऱ्याच्या सगल्या आंगाला लावतात. पट्टा काय आंग न्हाय?"

"तेल लावायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना!"

"तेल कुटं लावलं? हळद लावली."

"हळद कशात कालवली?"

यमुनाबाईंनी हिराकडे बघितलं. हिरा म्हणाली, "तेलात. पान्यात कालवली तर चिकटंल कशी?"

मी कोणाला बोलू? मी स्वतः बाजूला उभा राहून ताट धरलं होतं. गाडीखाली झोपून थेंब शोधणारा मीच, आणि वाटीभर तेल डोळ्यांदेखत गेलं तरी तेलाचा विचार मनात आला नाही. हळद ती हळद.

टोचनवाला हसून हसून रस्त्यातच बसला. "आजोबा, घाटात बिघडलेल्या गाड्या लई बघितल्या. हळदीनं बिघडलेली पह्यलीच!"

पट्टा गमछ्याने पुसला, पण चिकटपणा जाईना. साबण लावून धुतला, तरी बोट घसरतच होतं. तेव्हा हिरा म्हणाली, "तेलाच्या परातीला पीठ चोळतात, ठावं हाय ना? तसंच करा." आणि पिठाची पिशवी खिडकीतून पुढे केली. मग मी इंजिन हाताने थोडं थोडं फिरवतोय, यमुनाबाई पट्ट्याला आणि चाक्यांना तांदळाचं पीठ चोळतायत, टोचनवाला पुसतोय, आणि जाणारे-येणारे फोन काढून फोटो घेतायत. पीठ तेल पिऊन पिवळं पडलं की झटकायचं आणि नवीन चोळायचं. पिशवी रिकामी झाली तेव्हा पट्टा कोरडा ठणठणीत. रेडिएटरमध्ये कॅनचं पाणी भरलं आणि चावी फिरवली. चीं नाही, चूं नाही.

टोचनवाला पैसे घेईना. म्हणाला, "आईला माझाही नमस्कार सांगा." तरी वर शिंगरोबापर्यंत तो आमच्या मागोमाग आला. काळजीने की आशेने, ते कळलं नाही.

आईच्या पायाशी

कार्ल्याच्या फाट्यावरून आत वळलो. गाडी डोंगरात बरीच वरपर्यंत जाते, पुढे पायऱ्या. सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते. हिरा बसत, उठत, लिंबू सरबत पीत चढली. मला वाटलं होतं गुडघे दुखतात म्हणून कुरकुरेल. कुरकुर मीच केली. देवळात तिने काय मागितलं ते सांगत नाही. मी गाडीचा ब्रेक मागितला, कारण परत उतरायचं होतं.

भाकऱ्यांचं पीठ पट्ट्याने खाल्लेलं. म्हणून पायथ्याच्या खाणावळीत जेवलो. मटण चांगलं, भाकरी जाड. यमुनाबाई तीन वेळा म्हणाल्या की पट्ट्याला आपल्यापेक्षा बरं पीठ मिळालं.

घरी

उतरताना घाटात काही झालं नाही. काही होत नाही याचीच मला जास्त भीती वाटत होती. शीळफाट्याला वाहनांची रांग लागली, इंजिन तापलं आणि गाडीभर वास सुटला. हळद, तेल, तांदळाचं पीठ, खालून आच. लग्नघरात वडे तळताना सुटतो अगदी तो वास! शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "काका, मागे काय तळताय? दोन इकडे द्या."

दिवेलागणीला खारबावला पोचलो. प्रशांत फाटकात उभा. त्याने आधी गाडीच्या पुढे बघितलं, दोरी नाही. मागे जाऊन बघितलं, दोरी नाही. बॉनेट उघडलं आणि वाकून आत बघितलं.

"बाबा, हे पिवळं काय भाजलंय इथे?"

"नवऱ्याची हळद," यमुनाबाई मागून म्हणाल्या.

पोरगा शब्दाचा पक्का. भंगारवाल्याला त्याने तिथूनच फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी उठून बघतो तर त्याची नवी गाडी शेडमधून काढून चिंचेखाली लावलेली, आणि शेडमध्ये वॅगन. आता कोंबड्या त्याच्या गाडीवर बसतात.

यासीनभाईंनी नवा पट्टा बसवला आणि जुना गॅरेजमध्ये खिळ्याला टांगला. गिऱ्हाइकांना दाखवतात. माझी भीती काही गेलेली नाही. रोज सकाळी इंजिन चालू करून कान लावून बघतो. तापलं की अजून थोडा वड्यांचा वास येतो. काल तसंच चालू केलं, तर घरातून हिराची हाक आली.

"कुटं चाललाव?"

"कुठेच नाही. नुसतं बघतोय."

"मग थांबा," ती म्हणाली. "मी पाट घेऊन येते."