दहापैकी दहा आणि एक सैल स्क्रू

आमच्या यांना सगळे ‘टेस्टर’ म्हणतात. चाळीस वर्षं वायरमनचं काम केलं, आणि तेवढ्या वर्षांत शर्टाचा खिसा टेस्टरशिवाय मी कधी पाहिला नाही. लग्नाच्या फोटोतही आहे, बघा हवं तर. लोकांना वाटतं पेन आहे. बोलणं मोजकं, पण एक वाक्य दिवसातून दोनदा ठरलेलं: "माझ्या हातचं काम कुणाला परत उघडावं लागलेलं नाही." मी एकदा म्हटलं, अहो, स्वयंपाकघरातला पंखा तीन वर्षं करकर करतोय. तर म्हणे, "पंखा करतोय. वायरिंग नाही करत."

आणि ‘मी चुकलो’ हे दोन शब्द? अडतीस वर्षांच्या संसारात ऐकले असतील तर शपथ!

अशा माणसाला जावई मिळाला गाण्याचा वेडा. एका रविवारी आम्ही लेकीकडे गेलो, तर जावयाने मखमलीचा डबा पुढे केला. दागिनाबिगिना असेल म्हणून मी उगाच खूश झाले. आत निघाली वायर! अंगठ्याएवढी जाड, वर जांभळी विणलेली खोळ, टोकाला हा एवढा लठ्ठ प्लग.

"अॅम्प्लिफायरची पॉवर केबल आहे, आई. काय आवाज खुललाय म्हणून सांगू! गाणारीचा श्वाससुद्धा ऐकू येतो."

यांनी केबल हातात तोलून पाहिली. "जावईबापू, वीज खांबावरून येते, मग या भिंतीतून साध्या तारेतून येते. ती तार मीच घातलीय. एवढा प्रवास करून आलेली वीज शेवटच्या दीड मीटरमध्ये काय अंघोळ करून निघते?"

झालं. दोघेही हट्टी. चहा गार झाला तरी वाद संपेना. शेवटी पैज लागली. जावयाने पाठ फिरवून बसायचं, मी मागे कधी जाड केबल लावायची, कधी साधी, असं दहा वेळा. निम्म्याहून जास्त चुकला, तर केबल दुकानात परत. आठ उत्तरं बरोबर आली, तर सासरेबुवांनी सगळ्यांसमोर ‘मी चुकलो’ म्हणायचं. मला वाकायला जमतं का, हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

दर खेपेला मी अॅम्प्लिफायर बंद करायची, खुडबुड करायची, पुन्हा चालू करायची. तेच गाणं दहा वेळा ऐकून माझं डोकं उठलं. लेक वहीत टिपत होती. हे मात्र हाताची घडी घालून बसले होते. गाणं ऐकतच नव्हते, नुसते मोजत होते. फरक नाहीच, तर ऐकायचं काय?

जावयाने दहापैकी दहा ओळखले.

यांचा चेहरा असा पडला की मलाच कसंतरी झालं. "उद्या बोलतो," एवढंच म्हणाले आणि चपला शोधायला लागले. घरी आल्यावर मलाच धारेवर धरलं. "तू खोकून खुणावलंस का त्याला?"

"अहो, खोकायचंच असतं तर तुमच्या बाजूने खोकले नसते का?"

यांनी जेवण अर्धं टाकलं. मग स्वतःशीच म्हणाले, "फरक आहे, तर कारणही असणार."

सोमवारी सकाळी लेक-जावई कामाला गेल्यावर आम्ही आमच्याकडच्या किल्लीने तिथे शिरलो. यांनी जाड केबल लावून गाणं सुरू केलं आणि पहिल्यांदाच डोळे मिटून ऐकलं. मग हळूच भिंतीतल्या सॉकेटला हात लावला. गरम! मेन स्विच बंद करून त्यांनी सॉकेट उघडलं. आत एक स्क्रू चांगला दीड फेरा सैल, आणि भोवतीचं प्लास्टिक काळं पडलेलं. लठ्ठ प्लग आपल्या वजनाने खाली ओढायचा, की सैल तार चरचरायची. जावयाला जो गाणारीचा श्वास ऐकू येत होता, तो हा!

यांनी ते काळं प्लास्टिक बोटाने पुसून पाहिलं. "माझ्याच लेकीच्या घरात? अगं, आग लागली असती." मला भीती वाटली, आणि यांची कीवही आली.

मी म्हटलं, "आता ठीक करा आणि चला गुपचूप. कुणाला कळायचं नाही. वर पैजही जिंकाल."

त्यांनी नवं सॉकेट बसवलं, घरातली बाकीची सगळी उघडून तपासली. ती एकूणएक घट्ट होती. जुनं सॉकेट खिशात टाकलं, टेस्टरशेजारी. मला वाटलं, विषय संपला.

संध्याकाळी जावई आला. हे म्हणाले, "पुन्हा एकदा दहा होऊन जाऊ दे." पुन्हा मी वाकले. या वेळी दहापैकी तीनच बरोबर. बिचारा कान चोळायला लागला. "तो श्वास गेला कुठे?"

पैज हातात आली होती. नुसतं गप्प बसायचं होतं. मी यांच्याकडे डोळे वटारून पाहत होते. तरी यांनी खिशातून ते काळं पडलेलं सॉकेट काढलं, टीपॉयवर ठेवलं आणि म्हणाले, "मी चुकलो." मग सगळं सांगितलं, काहीही न वगळता.

जावई ओरडला, "म्हणजे बाबा, माझे कान खरे होते!" चक्क मिठीच मारली. केबल काही त्याने परत केली नाही. आता कंप्युटरला लावलीय. ऑफिसच्या मेल जास्त मोकळ्या येतात, असं लेक त्याला चिडवते.

पण त्या संध्याकाळी लेक चिडवत नव्हती. सॉकेट हातात घेऊन तिने विचारलं, "बाबा, तुमच्याकडून स्क्रू सैल राहिलाच कसा?"

यांनी खिशातला टेस्टर काढून हातात धरला. "शेवटचं सॉकेट होतं. तू दारात उभी राहून म्हणालीस, बाबा, हे घर झालं की मी तुमच्याकडे पाहुणी. मग मला स्क्रूची खाच दिसेना."

मला तो दिवस चांगला आठवतो. भिंतीची धूळ गेली म्हणून हे डोळे चोळत माझ्याकडे आले होते. चष्मा घातला नाही म्हणून मी त्यांना झापलं होतं, आणि दोन्ही डोळ्यांत फुंकर मारून दिली होती.